शाळेच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे काढावीत का?

कलाशिक्षिका (राजापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमची शाळा सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत कुंपणाच्या चिरेबंदी भिंतीला गिलावा करून पांढरा रंग दिला आणि तिच्यावर सातवी-आठवीच्या मुलांकडून ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या शैलीतील ठिपक्यांचे मोठे चित्र काढून घ्यावे, असे मी ठरवले. सरावासाठी मुलांनी काळ्या कार्डपेपरवर इअरबडचे टोक रंगात बुडवून कासव आणि घोरपड काढली आणि ती फार सुंदर झाली. त्या वेळी एका मुलीने मला विचारले, "बाई, हे ठिपके जोडायचे कधी?" घरी आईबरोबर ती ठिपक्यांची रांगोळी काढते, त्यामुळे तिचा प्रश्न स्वाभाविक होता. मला मात्र उत्तर देता आले नाही. त्यानंतर, ही चित्रे म्हणजे त्या समाजाच्या पवित्र कथा असून त्या कोणी रंगवायच्या याचे नियम असतात, असे वाचनात आले. अशा वेळी मुलांकडून हे चित्र भिंतीवर काढून घेणे योग्य ठरेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (कलेतिहासाचा अभ्यासक, रत्नागिरी)

बाई, त्या मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या रांगोळीत ठिपके आधी येतात आणि त्यांच्या आधाराने आकृती उभी राहते. तिकडे मात्र आकृती आधी येते आणि ठिपके बहुधा तिच्याभोवती व तिच्यावर नंतर पसरत जातात. म्हणून ते जोडायचे नसतात. पुष्कळदा त्यांचे काम झाकण्याचेच असते.

या चित्रांच्या खुणा मुळात वाळूवर, जमिनीवरील विधिचित्रांत आणि अंगावर गेरू, कोळसा व पांढऱ्या मातीने काढल्या जात. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहराच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर असलेल्या पापुन्या या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक आले. त्यांच्या प्रोत्साहनाने तेथील जाणत्या पुरुषांनी शाळेच्याच भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. त्या कामात कापा जाम्पीजिन्पा हे पुढे होते. (ते भित्तिचित्र पुढे काही वर्षांतच रंगाखाली झाकले गेले, याची हळहळ आजही वाटते.) मग फळ्यांवर, त्यानंतर कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने चित्रे होऊ लागली आणि १९७२ मध्ये कलाकारांनी 'पापुन्या तुला' ही स्वतःच्या मालकीची संस्था उभी केली.

परंतु सुरुवातीच्या काही फळ्यांवर, दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नयेत अशा खुणा उघडपणे आल्या होत्या. ही चित्रे बाहेर विकली जाऊ लागताच आजूबाजूच्या समाजांतून तीव्र नाराजी व्यक्त झाली. त्यानंतर कलाकारांनी गुप्त तपशील वगळले आणि ठिपक्यांचे थर दाट केले. ठिपके इतके वाढण्यामागे हे एक मोठे कारण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळातील काही फळ्या आजही जाहीरपणे मांडल्या जात नाहीत.

उरलेल्या खुणाही केवळ नक्षी नव्हेत. एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस; तरीही नेमका अर्थ कथेनुसार बदलतो. तिथले वार्लपिरी नावाचे आदिवासी लोक या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टीला 'जुकुर्पा' म्हणतात. पूर्वजांनी प्रवास करून भूमी घडवली तो काळ, ती भूमी आणि तिचा कायदा, हे सारे त्या एका शब्दात येते. कोणती कथा कोणी रंगवायची हे आई-वडिलांकडून आलेल्या नात्यावर ठरते आणि ती बरोबर रंगवली जाते का, हे पाहण्याचा अधिकार दुसऱ्या नातलगांकडे असतो. शिवाय ठिपके ही मुख्यतः मध्य ऑस्ट्रेलियाची रीत आहे. उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक आडव्यातिडव्या रेघांनी चित्रे काढतात. त्यामुळे 'आदिवासी शैली' असे एकच नाव देणे मला पटत नाही.

उत्तर २ (डहाणू)

आमच्याकडील उदाहरण सांगतो. वारली लग्नात भिंतीवर देवचौक (देवीचे चौकोनी चित्र) लिहितात, तो सवाशिणी लिहितात आणि धवलेरी (लग्नाचे विधी करणारी बाई) गाते, तेव्हा कुठे त्यात पालघाट देवी येते. आता वारली चित्रे कप-बश्यांपासून पडद्यांपर्यंत सर्वत्र दिसतात. नाचणाऱ्या माणसांचा फेर कोणी काढला तर आमच्या गावात कोणाला वाईट वाटत नाही. परंतु शोभेसाठी काढलेला देवचौक पाहिला की जुन्या बाया गप्प होतात. काय उचलायचे आणि काय नाही, हे त्या घरातल्या माणसालाच विचारावे लागते, आणि पापुन्याची माणसे तर आजही चित्रे काढत आहेत.

उत्तर ३

वर्गात शिकवायला हरकत नसावी, पण नक्कल टाळा. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयात गालिच्यांचा खटला गाजला. आठ आदिवासी कलाकारांची चित्रे परवानगीशिवाय व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून ऑस्ट्रेलियात विकली जात होती आणि त्यातील काही चित्रे शिक्षणासाठी छापलेल्या संचातून उचललेली होती. पवित्र चित्रावर लोक पाय देऊन चालत होते, ही त्या कलाकारांची सर्वांत मोठी वेदना होती.

कलाशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. कासव आणि घोरपड भिंतीवर काढायचे नाही, असे आता ठरवले आहे. वर्गात मी पापुन्याची गोष्ट सांगेन, कलाकारांची नावे घेऊन त्यांची चित्रे दाखवेन आणि त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तरही देईन. भिंतीसाठी मात्र मुलांना घेऊन कशेळीच्या सड्यावर जाण्याचा विचार आहे. तेथील कातळशिल्पातील भव्य हत्ती आणि त्याच्या अंगात कोरलेले प्राणी, मासे मुलांनी प्रत्यक्ष पाहावेत, असे मला फार वाटते.

उत्तर १ (पुन्हा)

अवश्य न्या. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. ती कोरणाऱ्यांची कथा सांगणारे मात्र आज कोणी उरलेले नाही, हेही मुलांना तिथे उभे राहूनच सांगा. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेघा स्पष्ट दिसतात. आणि शिल्पावर पाय पडू देऊ नका.