विमुक्त, भटके असाल तर लिहा: नियमाने अडवलं तो अनुभव

1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का निघाला. निघाला म्हणायचं, कारण 1959 ला आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर पुन्हा त्याच पालांवर. शिव्या खाल्लेल्या सगळ्यांनाच माहितीयेत. मला ते अनुभव हवेत जिथे समोरचा नीट बोलला, नियम दाखवला आणि काम अडलं. स्वतःचं, गावाचं नाव टाकू नका.

—
आम्ही कैकाडी. पोरीच्या ॲडमिशनला जातीचा दाखला पाहिजे होता, त्याला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. आता आमचा आजा गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव टोपल्या विकत फिरायचा, त्याचा सातबारा कुठनं आणू? क्लार्क चांगला होता, बसा म्हणाला, चहा सांगितला. लई शोधून थोरल्या चुलत्याच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला तर जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’. गृहचौकशी होईपर्यंत ॲडमिशनची तारीख गेली, ओपनमधून पूर्ण फी भरली, त्यासाठी म्हैस विकली. फिरणाऱ्या माणसाकडं एका जागी राहिल्याचा पुरावा मागायचा, हा नियम करताना कुणालाच काही वाटलं नसेल का?

—
पारधी आहे. गावात घरफोडी झाली, भाऊ तेव्हा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात, मुकादमाने फोनवर सांगितलं तरी उचलला. सोडला नंतर, पण चॅप्टर केस केली, म्हणजे पुढं गुन्हा करू नये म्हणून आधीच केलेली प्रतिबंधक कारवाई. आता निवडणूक आली की बोलावणं, गणपती आले की बोलावणं. सिक्युरिटीची नोकरी लागत होती, चारित्र्य पडताळणीत तीच केस निघाली आणि झालं. साहेब म्हणाले रेकॉर्डवर आहे, मी काय करू.

—
वरच्या दादांना, मी वकिली करते. 3 ऑक्टोबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून घ्या. तुरुंगाच्या नियमांत जात बघून कामं वाटायचे ते घटनाबाह्य ठरवलं, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलंय. भावाच्या केसचे सगळे कागद काढून ठेवा.

—
आम्ही नाथपंथी डवरी गोसावी. 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात आमच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तेव्हापासून वडील नव्या गावात भिक्षेला जायच्या आधी पोलीस स्टेशनात जाऊन नोंद करतात, आधारची झेरॉक्स देतात. तिथले लोक मदतच करतात, तक्रार नाही. पण मी कंपनीच्या कामाला महिन्यातनं कितीतरी गावं फिरतो, पँट-शर्टात, मला कधी कुणी नोंद करा म्हणालं नाही.