परदेशातलं भाड्याचं घर : फोटोत न दिसलेलं सांगा

परदेशात फिरायला जाताना हॉटेलऐवजी चार-आठ दिवसांसाठी बुकिंगच्या अ‍ॅपवरून कुणाचा तरी फ्लॅट घेणं आता नवीन राहिलेलं नाही. स्वयंपाकघर मिळतं, कपडे धुता येतात, पोरांना पसरायला जागा होते. सगळं मान्य. पण फसगत झाली की कोणी सांगत नाही. परत आल्यावर दाखवायचे फोटो पुलांचे आणि चर्चचे! म्हणून म्हटलं, सुरुवात मीच करते. तुम्हीही लिहा.

फ्लोरेन्स, एप्रिलचा शेवटचा आठवडा. जाहिरातीत 'सेंट्रल हीटिंग' लिहिलं होतं आणि ते होतंही. खिडकीखाली चांगला जाडजूड लोखंडी रेडिएटर. फक्त हात लावला की गार. बाहेर पाऊस, फरशी दगडी. मालकीणबाईंचं उत्तर आलं, "१५ एप्रिलनंतर हीटिंग बंद असतं, कायदा आहे." मला वाटलं, थाप मारतायत. शोधलं तर खरं निघालं. इटलीत हवामानाप्रमाणे विभाग पाडलेत आणि फ्लोरेन्सच्या विभागात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढ्याच काळात हीटिंग चालवता येतं, तेही दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. नगरपालिकेने मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी. म्हणजे बाई खोटं बोलल्या नाहीत, पण एप्रिलअखेरचं बुकिंग घेताना गप्प बसल्या. चार रात्री सासूबाई स्वेटरवर कोट घालून झोपल्या. मी केस वाळवायच्या ड्रायरने पांघरूण आतून गरम करायचे आणि ते गार व्हायच्या आत झोप लागली तर लागली.

* * *

आमचं पॅरिस. "इमारतीत लिफ्ट आहे" हे वाक्य नीट वाचा. इमारतीत आहे. आमच्या मजल्यापर्यंत आहे असं कुठे म्हटलंय?

लिफ्ट पाचव्या मजल्यावर संपली. पुढे एका अरुंद दारातून मागचा लाकडी जिना, गोल गोल. जुन्या श्रीमंत घरांतल्या मोलकरणींसाठी छपराखाली काढलेल्या खोल्या असतात ना, 'शांब्र द बॉन' म्हणतात त्यांना, तशी ती खोली. फोटोत ऐसपैस दिसत होती, कारण फोटो कोपऱ्यातून वाइड अँगलने काढलेला. प्रत्यक्षात छप्पर इतकं उतरतं की ताठ उभं राहायचं तर खोलीच्या मधोमध. सोफा उघडून पलंग करायचा तर आधी टेबल उचलून जिन्यात ठेवावं लागे. रोज रात्री टेबल बाहेर, रोज सकाळी टेबल आत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याने त्यावर स्वतःचा चहाचा कप ठेवला होता. चौघांची सोय म्हणे.

* * *

सुरी. प्रत्येक घरात एकच सुरी असते आणि तीही लोणी लावायची. बास, एवढंच लिहायचं होतं.

* * *

न्यूयॉर्क, २०२२. निघायच्या आदल्या दिवशी मालकाचा मेसेज : "दारात कोणी विचारलं तर माझे मावसभाऊ म्हणून सांगा." आम्ही हसलो. पोहोचल्यावर दरवानाने खरंच विचारलं. सांगितलं, मावसभावाकडे आलोय. "नाव काय त्यांचं?" पहिलं नाव सांगितलं. "आडनाव?" झालं! मावसभावाचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, कारण अ‍ॅपवर ते दिसत नाही. बायको शेजारी उभी राहून छताकडे बघत होती.

दरवान सभ्य होता. त्यानेच समजावलं की इथे मालक स्वतः राहत नसताना अख्खा फ्लॅट ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीला देता येत नाही. राज्याचा तसा कायदा २०१० चा आहे, हे मी नंतर वाचलं. सप्टेंबर २०२३ पासून तर शहराकडे नोंदणीही सक्तीची झाली आणि पाहुणे दोनच चालतात. त्या रात्री सामानासकट हॉटेल शोधलं. मालकाने पैसे परत केले, पण तीन आठवडे भांडल्यावर. राग पैशांचा नाही. मला खोटं बोलायला लावलं आणि तेही धड जमलं नाही, याचा आहे.

* * *

बार्सिलोना. निघायला अकरा दिवस असताना मालकाने बुकिंग रद्द केलं. कारण : पाइप फुटला. दोन दिवसांनी तोच फ्लॅट, त्याच तारखा, जवळपास दीडपट भाडं. पाइप दुरुस्त झाला असावा.

पैसे परत मिळतात हो. पण शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग जोडलेलं असतं, त्यामुळे सीमेवर विचारलं तर काय दाखवायचं, ही धाकधूक वेगळी. ऐन हंगामात पाच जणांना एकत्र जागा मिळेना. शेवटी दोन हॉटेलांत विभागून राहिलो, आईबाबा एकीकडे, आम्ही दुसरीकडे. तिथल्या महापौरांनी शहरातल्या दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. स्थानिकांना भाडं परवडेनासं झालंय म्हणून. खरं सांगू? वाईट वाटलं नाही.

* * *

आमच्या किश्श्यात चूक आमचीच होती, तरी लिहिते. टोकियोत भिंतीवर कचऱ्याचा तक्ता होता : जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, प्रत्येकाचा वार वेगळा. आम्ही निघायच्या घाईत सगळं एका पिशवीत कोंबून कोपऱ्यावर ठेवलं. विमानतळाला जायला खाली उतरलो तर बाकी पिशव्या गेलेल्या, आमची तिथेच, वर चिकटवलेला कागद. शेजारी एक आजोबा हात मागे बांधून उभे. एक शब्द बोलले नाहीत. मी फुटपाथवर बसून पिशवी सोडली आणि सगळं वेगवेगळं केलं. सफाईचे पैसे आधीच घेतले होते, हा मुद्दा तेव्हा कुणाला सांगणार?

* * *

धागा काढणाऱ्या ताई, तुम्हाला काही परत मिळालं का?

* * *

मिळालं, एका रात्रीचं अर्धं भाडं. तेही पहिल्या रात्रीच रेडिएटरचा आणि थर्मामीटरचा फोटो टाकून अ‍ॅपमधूनच तक्रार केली म्हणून. फोनवर बोलले असते तर पुरावा काय राहिला असता?

* * *

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. अ‍ॅमस्टरडॅमला राहतो, माझ्या वरचा फ्लॅट असा भाड्याने जातो. स्वतःचं घर वर्षाला ठरावीक रात्रींपेक्षा जास्त देता येत नाही आणि एका वेळी चारच पाहुणे, असा नियम आहे. मोजतो मी. इथले जिने शिडीसारखे उभे, त्यामुळे सुटकेस प्रत्येक पायरीवर आपटत वर जाते आणि किती पायऱ्या राहिल्या ते मला अंथरुणातून कळतं.

गेल्या शरद ऋतूत रात्री दीडला बेल वाजली. चौघे जण, एक बाळ. किल्लीच्या पेटीचा आकडा लागत नव्हता, मालक फोन उचलत नव्हता. चिडूनच खाली गेलो होतो. पेटी बघितली तर ती शेजारच्या इमारतीची. यांची कठड्याला, सायकलींच्या मागे लटकत होती. जाहिरातीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाळाला मी धरलं, बाप सायकली बाजूला करत होता.