मदत हवी आहे: मधपेटीत गॅस सेन्सर नेमका कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी. निफाडजवळ कांद्याच्या डेंगळ्यांत (बियाण्यासाठी फुलावर आलेल्या कांद्यात) आमच्या मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. एका पेटीत अळ्या पिवळट पडल्यात, आंबूस वास येतोय. युरोपियन फाउलब्रूडची (अळ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची) शंका आहे. असा वास झाकण न उघडता पकडता यावा म्हणून बीएमई ६८० हा हवेतले वायू आणि ओलावा मोजणारा सेन्सर लावला. पण आकडे रोगापेक्षा ओलाव्यावरच नाचतात. रात्री माश्या पंख हलवून मकरंद आटवतात, तेव्हा तर विचारूच नका. वर सेन्सरच्या जाळीवर राळ थापतात ते वेगळंच! सेन्सर अळ्यांच्या चौकटींमध्ये ठेवावा की झाकणाखाली? निरोगी पेटीत दुसरा लावून फरक बघितला तर भागेल का? नाशिककडे अळ्यांचा नमुना तपासून देणारं कोणी असेल तर कृपया सांगा. औषधाचं त्यानंतरच बघेन.