मदत हवी आहे: ठासणीच्या लांब नळीच्या पिस्तुलात चिंधी जळतेय

पिस्तूल टोपीचं (घोडा टोपीवर आपटून ठिणगी पडते ते), .36 कॅलिबर म्हणजे नळीचं भोक साधारण 0.36 इंच, नळी 12 इंची आणि आतून पीळदार. ससा-खारीसारख्या लहान शिकारीसाठी, तेही 20-25 यार्डांच्या आतच. त्यापलीकडे जनावर जखमी होऊन निसटतं, म्हणून अंतर वाढवायचं नाही.

भरणी अशी: बारीक काळी दारू 20 ग्रेन (वजनाने नाही, मापाने), त्यावर चरबी लावलेली 0.015 इंच जाडीची सुती चिंधी (गोळीला गुंडाळून नळीत घट्ट बसवणारी), मग मऊ शिशाची 0.350 इंची गोळी. ठासायच्या गजावर खूण केली आहे, त्यामुळे गोळी दारूवर पक्की टेकलीय हे दर वेळी कळतं. मधे पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, तिथे हयगय नाहीच.

पुढे पडलेल्या चिंध्या पाहिल्या तर कडा धड, पण मधोमध काळी भोकं. गोळ्याही विखुरतात. दारू न घालता गोळी ठासली आणि स्क्रूने ओढून काढली, तर चिंधी अख्खी निघते. म्हणजे नळीचं तोंड किंवा पिळाची धार कापत नाहीये, चिंधी बार उडतानाच जळतेय.

आता विचारायचंय ते हे: 0.018 ची घट्ट विणीची चिंधी घ्यावी, की दारू आणि गोळीच्या मधे लोकरी नमद्याची चकती घालावी? चकतीने 12 इंची नळीत नेम वर-खाली सरकतो का? जाड चिंधीने ठासणं जड होईल, आणि काजळी साचली की गोळी अर्ध्यावर अडकायची धास्ती. दोन बारांमधे नळी पुसायला ओली चिंधी फिरवणारे पुढच्या दारूला ओल कशी लागू देत नाहीत, तेही सांगा.