अ‍ॅडमिशनमागे कमिशन घेणाऱ्या सेंटरमध्ये काउन्सेलरने काय करावं?

नवी_समुपदेशक
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मानसशास्त्रात एमए करून गेल्या वर्षी एका करिअर गायडन्स सेंटरमध्ये लागले. मुलांशी बोलायचं काम मनापासून आवडतं म्हणून तर हा त्रास होतोय.

परवा एक मुलगा आला, वय १७. इंटरेस्ट टेस्टमध्ये, म्हणजे आवड मोजणाऱ्या चाचणीत, इन्व्हेस्टिगेटिव्ह (शोध घेण्याची आवड) आणि आर्टिस्टिक (कलेची, घडवण्याची आवड) हे दोन स्कोअर सगळ्यात वर. बोलताना पण तेच, वस्तू कशा बनतात, त्यांचा आकार असाच का, यावर तासभर बोलत होता. मी रिपोर्टमध्ये प्रॉडक्ट डिझाइन, आर्किटेक्चर असे पर्याय लिहिले तर आमच्या सरांनी रिपोर्ट परत पाठवला, म्हणे शेवटच्या पानावर मॅनेजमेंटच्या त्या दोन संस्था टाक. त्या दोन्हींशी सेंटरचं टायअप आहे, एका अ‍ॅडमिशनमागे ठरलेली रक्कम मिळते आणि आता आम्हा काउन्सेलर्सना पण टार्गेट लावलंय. मुलाला किंवा पालकांना यातलं काहीच माहीत नसतं.

त्यात दुसरं. त्याच मुलाचे वडील फोन करून विचारतायत की सेशनमध्ये काय काय बोलला ते सगळं सांगा, फी मी भरलीये. मुलाने मला सांगितलंय की तो दोन महिने क्लासला जातच नाहीये. घरी माहीत नाही.

नोकरी नवीन आहे, घरची जबाबदारी आहे. काय करू?

जुना_माणूस
ताई, आधी एक सांगतो, तुम्हाला हा प्रश्न पडला हेच चांगलं लक्षण आहे, मी २० वर्षं या कामात आहे आणि न पडणारे पण खूप बघितलेत.

कमिशनबद्दल यात गोंधळण्यासारखं काही नाही. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत सरळ लिहिलंय की क्लायंटला दुसऱ्या व्यावसायिक सेवेकडे पाठवताना काउन्सेलरने कमिशन, सूट किंवा कुठलाही मोबदला द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. तुमची संस्था त्यांची सभासद नसेल, कायद्याने तुम्हाला ते लागू नसेल, पण नियम कुठल्या अनुभवातून आलाय ते बघा. करिअर मार्गदर्शनाचा जनक मानल्या जाणाऱ्या फ्रँक पार्सन्सने १९०८ मध्ये बॉस्टनला व्होकेशन ब्युरो, म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र, काढलं तेव्हापासून या कामाचा गाभा तीन गोष्टींचा आहे: माणसाने स्वतःला ओळखणं, कामांची खरी माहिती मिळवणं आणि या दोन्हींचा मेळ घालून नीट विचार करणं. कमिशन आलं की दुसरी गोष्टच खोटी पडते, कारण मुलासमोर ठेवलेली माहिती आधीच कोणीतरी पैसे देऊन निवडून ठेवलेली असते. मग तुमची टेस्ट कितीही चांगली असो, मुलाच्या हातात काय येणार?

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर जास्तच वाईट वाटलं. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने केलेले आवडींचे सहा प्रकार षटकोनात मांडतात ना, त्यात इन्व्हेस्टिगेटिव्हच्या बरोबर समोर एंटरप्रायझिंग येतं आणि आर्टिस्टिकच्या समोर कन्व्हेन्शनल. म्हणजे ज्या पोराला शोधायचं आणि घडवायचंय त्याला विकण्याच्या नि हिशेब सांभाळण्याच्या टोकाला ढकलायचं. अर्थात इंटरेस्ट टेस्टवरून आवड कळते, कुवत कळत नाही, त्यामुळे त्याला मॅनेजमेंट जमणारच नाही असं मी म्हणत नाहीये, पण तसं सुचवायला काहीतरी आधार लागतो आणि इथे आधार फक्त टायअपचा आहे.

आता वडिलांचं. फी भरणारा वेगळा आणि क्लायंट वेगळा असू शकतो, आणि ही गोष्ट पहिल्या सेशनच्या आधी, मुलगा आणि पालक दोघं समोर असताना बोलून घ्यायची असते. काय गुप्त राहील, काय सांगावं लागेल, रिपोर्ट कोणाला मिळेल. मुलगा लहान असल्याने कायदेशीर संमती पालकांची, त्यामुळे पालकांना काहीच कळू नये असं म्हणता येत नाही, पण मुलाला पण विचारायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. तुमच्याकडे हे झालं नसणार असं दिसतंय. तरी अजून वेळ गेलेली नाही. वडिलांना म्हणा, "मी आधी त्याच्याशी बोलते, मग आपण तिघं बसू." खोटं बोलू नका, सगळं ठीक आहे असंही म्हणू नका. आणि मुलाला विचारा, घरी सांगायला काय मदत हवी. तो क्लासला का जात नाही हे त्याच्या तोंडून घरी गेलं तर कदाचित करिअरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. जिवाला धोका वगैरे काही असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा सांगावंच लागतं.

सेंटरवाला
मी स्वतः छोटं सेंटर चालवतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. फी वाढवली की लोक येत नाहीत, जागेचं भाडं, टेस्टचे पैसे, पगार, हे कुठून काढायचं? आमचे पण टायअप आहेत पण आम्ही पालकांना स्पष्ट सांगतो की या संस्थेकडून आम्हाला पैसे मिळतात. लपवलं तर चूक, सांगितलं तर काय हरकत आहे?

जुना_माणूस
@सेंटरवाला, सांगता हे लपवण्यापेक्षा नक्कीच बरं, पण तेवढ्याने भागत नाही. समोरचा १७ वर्षांचा मुलगा आणि घाबरलेले आईवडील, ते तुमच्याकडे येतात तेच मुळी पर्याय स्वतः तोलता येत नाहीत म्हणून. त्यांना "आम्हाला पैसे मिळतात" सांगितलं तर ते मान डोलावतात आणि तरी तुमच्यावरच विश्वास ठेवतात. माझा पण सुरुवातीचा काळ ओढगस्तीत गेलाय हो, मी संध्याकाळी शिकवण्या घेऊन खर्च भागवला. संस्थांकडून पैसा हवाच असेल तर अ‍ॅडमिशन एजंट म्हणून पाटी लावा, तो पण एक धंदा आहे, पण मग दारावर समुपदेशन लिहू नका.

एक_आई
मी काउन्सेलर नाही, पालक आहे, लिहू का नको असं वाटत होतं पण लिहितेच. आमच्या मुलीची बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी टेस्ट केली होती आम्ही, सुंदर रंगीत रिपोर्ट, आणि त्यात लिहिलं होतं गणिती बुद्धी कमी. तिने गणित सोडलं. दोन वर्षांनी कळलं की ठशांच्या रेषा जन्माआधीच, पोटातच तयार होतात आणि त्यावरून कोणाला गणित येईल हे कळण्याला शास्त्रीय आधार नाही. आज ती परत गणिताकडे वळलीये पण ती दोन वर्षं "मला येतच नाही" म्हणत रडलेली मी बघितलीये. त्या माणसाने एकदाही सांगितलं नाही की हे पक्कं नसतं. तुम्ही लोक जे कागदावर लिहिता ते आमच्या घरात वर्षानुवर्षं राहतं, एवढंच सांगायचंय.

मापनवाली
@एक_आई, वाचून फार वाईट वाटलं. आणि रिपोर्ट पटला कसा याचं उत्तर जुनं आहे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर सगळ्यांना एकच वर्णन वाटलं, प्रत्येकाला वाटलं हे खास माझंच, पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले त्यांनी. त्यामुळे "रिपोर्ट अगदी बरोबर आलाय" असं पालक म्हणाले म्हणून टेस्ट चांगली ठरत नाही. विश्वसनीयता किती (म्हणजे परत दिली तरी निकाल तसाच येतो का), कोणत्या वयाच्या किती मुलांवरून नॉर्म्स (तुलनेसाठीचे सरासरी गुण) काढलेत, हे मॅन्युअलमध्ये नसेल तर ती वापरूच नये. नावाजलेल्या टेस्टचा पण गैरवापर होतोच, मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्व चाचणी काढणारी कंपनी स्वतः सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका, तरी लोक वापरतात.

@नवी_समुपदेशक, रिपोर्टखाली सही तुमची असते ना? मग ते शेवटचं पान तुमच्या सहीवर जाऊ देऊ नका. आणि सरांना सांगणं तोंडी ठेवू नका, ईमेल करा.

नवी_समुपदेशक
सगळ्यांचे आभार, एक_आई तुमचं तर मी तीनदा वाचलं.

काल मुलाशी बोलले. आधी चिडला, मग म्हणाला मीच सांगतो पण तुम्ही सोबत बसा. शनिवारी तिघं बसतोय. सरांना ईमेल केला की माझ्या सहीच्या रिपोर्टमध्ये मी कारण देऊ शकेन तेवढेच पर्याय असतील आणि टायअपच्या संस्थांचं पान हवंच असेल तर ते वेगळं, सेंटरच्या नावाने, आणि पैसे मिळतात हे वर लिहून द्या. अजून उत्तर नाही. जुना_माणूस यांना तेवढ्याने भागणार नाही हे माहितीये, मलाही पटलंय, पण आज मला एवढंच जमलं. दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात केलीये, मुलाखतीत पहिला प्रश्न मीच विचारणार आहे की तुम्हाला पैसे कोणाकडून मिळतात.