मदत हवी आहे: पार्टीलाच लुटणारा खेळाडू, आणि 'मंचकिन'वरून भांडण

फासेवाला
रविवारी आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (एकेक कॅरेक्टर घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) सेशन आहे, त्याआधी उत्तर हवंय. आमच्यातला एकजण पार्टीचंच, म्हणजे आपल्याच टोळीतल्या कॅरेक्टरांचं, सामान चोरतो. विचारलं की ठरलेलं उत्तर: 'माझं कॅरेक्टर असंच वागेल.' मागच्या वेळी क्लेरिकवाली (मंत्राने बरं करणारं पुजारी कॅरेक्टर खेळणारी) त्याला मंचकिन म्हणाली, तो तिला टॉक्सिक म्हणाला, ती उठून घरी गेली. ग्रुपवर दोघंही गप्प. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, त्यामुळे बाकीचे मलाच विचारतायत. त्याचं कॅरेक्टर मारायचंय. कोणता मॉन्स्टर सोडू?

जुनाखेळिया
नियमांची एडिशन कोणती? कॅरेक्टरांची लेव्हल किती? मॉन्स्टर असा हवेतून सांगता येत नाही.

मधुरा_प
समोरासमोर खेळता की डिस्कॉर्डवर? सेशन झिरो, म्हणजे खेळाआधी काय चालेल काय नाही ते ठरवायची बैठक, झालं होतं का? आणि चोरी सगळ्यांची होते की तिचीच?

फासेवाला
पाचवी, अर्थात. लेव्हल सहा. माझ्या घरी बसतो, कोथरूडला. मॉन्स्टरचं सांगा ना.

जुनाखेळिया
२०१४ चे नियम की २०२४ चे, ते 'अर्थात'मध्ये कळत नाही. असो. तिने शब्दच चुकीचा वापरला. मंचकिन म्हणजे फक्त जिंकायला बसणारा, त्यासाठी नियम वाकवणारा, पोरकट खेळाडू. हा तर स्लाइट ऑफ हँडचा (हातचलाखीचा) रोल करून, म्हणजे फासा टाकून, चोरतोय. नियमात बसतं.

वीसबाजू
अजिबात पटलं नाही. आमच्या वयाच्या बहुतेकांना हा शब्द स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या २००१ च्या पत्त्यांच्या खेळातून कळला. त्यात खजिना पळवणं आणि मित्राच्या पाठीत सुरा खुपसणं हाच खेळ आहे. म्हणजे तिने अगदी बरोबर वापरला. आणि हल्ली कॅरेक्टर चांगलं बांधणाऱ्याला कौतुकानेही मंचकिन म्हणतात. शब्द तुमच्या काळात थांबलेला नाही, ग्रोन्यार्ड काका.

जुनाखेळिया
ग्रोन्यार्ड आता जुन्या खेळाडूंना म्हणतात, पण मुळात ते नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधले कुरकुर करणारे, पण रणात टिकणारे सैनिक. मला चालतं.

सह्याद्रीचा_बार्ड
मर्डरहोबोचंही तेच झालंय. आधी घरदार नसलेल्या, मारत-लुटत फिरणाऱ्या कुठल्याही पार्टीला गमतीने म्हणायचे, आता सरळ शिवी झाली. आणि टॉक्सिक तर उशिरा येणाऱ्यालाही लावतात. अवांतर: पुण्यात धातूचे फासे कुठे मिळतात?

क्रिटिकल_हिट
क्लेरिक आहे ना? पाचव्या लेव्हलपासून ग्लिफ ऑफ वॉर्डिंग हा सापळ्याचा मंत्र मिळतो. तिच्या पिशवीवर टाकायला सांगा. चोराने हात घातला की स्फोट!

वीसबाजू
ग्लिफ टाकलेली वस्तू दहा फुटांपेक्षा जास्त हलली की ग्लिफ मोडतो. पिशवी घेऊन ती चालणार नाही का? वर दर वेळी २०० जीपीची (खेळातली सोन्याची नाणी) हिऱ्याची पूड आणि धूप. आणि हा प्रश्न विचारलाय कोणी?

मधुरा_प
फासेवाला, माझ्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत.

फासेवाला
सेशन झिरो नाही झालं, सगळे कॉलेजपासूनचे मित्र आहेत. चोरी बहुतेक तिचीच होते. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवायच्या मंत्रासाठी ठेवलेला ३०० जीपीचा हिरा त्याने उचलला, पुढच्याच लढाईत तिसऱ्या मित्राचा फायटर (लढवय्या कॅरेक्टर) मेला आणि उठवता आला नाही. त्यावरूनच ती बोलली. त्याने काय फरक पडतो?

मधुरा_प
सगळा फरक त्यानेच पडतो! एकाच माणसाचं सामान परत परत जातंय, आणि तिसऱ्याचं कॅरेक्टर त्यापायी गेलं. कॅरेक्टर मारलंत तर तो नवीन चोर बनवून आणेल. त्याला एकट्याला फोन करा. मंचकिन, टॉक्सिक यातला एकही शब्द काढू नका, नाहीतर तासभर शब्दाच्या अर्थावरच वाद होईल. जे घडलं तेवढं सांगा: हिरा घेतलास, फायटर गेला, ती उठून गेली. 'माझं कॅरेक्टर' म्हणाला तर विचारा, ते कॅरेक्टर बनवलं कोणी? आणि टेबलावर नियम करा: एका खेळाडूने दुसऱ्यावर काही केलं, तर ते जमलं की नाही हे ज्याच्यावर केलं तो ठरवेल. रोल नाही. तिलाही वेगळा फोन करा, ती परत येईल असं गृहीत धरू नका.

सह्याद्रीचा_बार्ड
एक्स-कार्ड ठेवा की टेबलावर. जॉन स्टाव्रोपूलोसने २०१३ मध्ये आणलं. कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही.

जुनाखेळिया
एक्स-कार्ड नको असलेला विषय टाळण्यासाठी असतं. चोराला आवरायला त्यावर विसंबू नका. मधुराताईंचा नियम बरा, आम्ही तोच वापरतो. पण फायटर मेला हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

फासेवाला
ठीक, मॉन्स्टर रद्द. उद्या दोघांना फोन करतो. पण हिरा परत कुठून मिळेल? पार्टी अंडरडार्कमध्ये (खेळातल्या जमिनीखालच्या जगात) आहे, दुकान नाही.

जुनाखेळिया
डीप नोम (तिथे राहणारे बुटके लोक) आण. खाणी खोदतात, रत्नं त्यांच्याकडेच असतात. आणि हिऱ्याची किंमत चोराच्या वाट्यातून जाऊ दे.

क्रिटिकल_हिट
पण हिरा मिळून फायटर उठणार नाही. रिव्हिव्हिफायला मृत्यूनंतर एकच मिनिट असतं. रेझ डेड या मोठ्या मंत्राला ५०० जीपीचा हिरा आणि नववी लेव्हल लागेल.

फासेवाला
फायटरवाल्याने रेंजर हे नवीन कॅरेक्टर बनवलंय. आणि नियम २०१४ चे.