म्हशीच्या दुधातले एक्सोसोम: ५ दिवसांच्या हँड्स-ऑन ट्रेनिंगला जाऊ का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय म्हशीच्या दुधातले एक्सोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या मेम्ब्रेनच्या अतिसूक्ष्म पिशव्या (व्हेसिकल). आमच्या लॅबमध्ये हे काम आधी कुणी केलेलं नाही, त्यामुळे पेपर वाचून वाचूनच प्रोटोकॉल बसवलाय. सकाळी गोठ्यावरनं धारेचं ताजं दूध आणायचं, ३,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट जोरानं) फिरवून साय काढायची, मग १०,००० ला अर्धा तास आणि शेवटी अल्ट्रासेंट्रिफ्यूजला १ लाख जी वर ९० मिनिटं. मशीन दुसऱ्या डिपार्टमेंटचं, आठवड्यातनं एकच दिवस मिळतं.

पेलेट (ट्यूबच्या तळाशी बसलेला गाळ) चांगली घट्ट पांढरी येते. एनटीएला (कण मोजणारं मशीन) दिलं तर पार्टिकल काउंट एका एमएलला १० चा १२ वा घात. सर खूश झाले. पण टीईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नुसते गोळे गोळे दिसतात, आणि वेस्टर्नला (अँटिबॉडीनं प्रोटीन ओळखायची चाचणी) सीडी६३, म्हणजे एक्सोसोमची खूण मानलं जाणारं प्रोटीन, काहीच नाही, तीनदा केलं तरी नाही.

आता एका ठिकाणी ५ दिवसांचं ट्रेनिंग आहे. गेल्या वर्षी एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेले होते, नाव हँड्स-ऑन पण ४० जण एका मशीनभोवती उभे आणि पिपेट फक्त डेमो देणाऱ्यांच्या हातात. यावेळी पैसे फेलोशिपमधले जाणार आहेत म्हणून विचारतेय, जाण्याआधी काय काय विचारून घेऊ आणि तिथनं नेमकं काय शिकून येऊ?

दूधवाला_पोस्टडॉक
ताई, ट्रेनिंगचं नंतर बघू, आधी ती पांढरी पेलेट. मला वाटतं ते बहुतेक केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) आहे. केसीनचे मायसेल (गोळे) ५० पासून ५००-६०० नॅनोमीटरपर्यंत असतात म्हणजे व्हेसिकलच्याच मापात बसतात, १ लाख जी ला तेही खाली बसतात आणि एनटीएला तर काही फरकच कळत नाही, त्याला प्रकाश उडवणारा हलता ठिपका दिसला की तो मोजतो, मग ती व्हेसिकल असो केसीन असो नाहीतर पीबीएसमधली (मिठाच्या बफरमधली) धूळ. टीईएममधले गोळेही त्याचेच असणार. व्हेसिकल वाळली की वाटीसारखी बसते आणि कडेला मेम्ब्रेनची रेघ दिसते, केसीनचा गोळा भरीव आणि खडबडीत.

उद्याच करून बघा. साय काढलेलं दूध घ्या, त्यात शेवटी १ टक्का होईल असं सोडियम सायट्रेट घाला, बर्फावर हळूहळू हलवत ठेवा आणि मग पुढचे स्पिन घ्या. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, केसीनचा मायसेल कॅल्शियमवरच उभा असतो त्यामुळे तो सुटतो, व्हेसिकलला मेम्ब्रेन असते ती टिकते. काउंट किती खाली आला ते बघितलं की तुमचं उत्तर मिळालं.

वेस्टर्नचं म्हणाल तर अँटिबॉडी कुठली आहे? माणसाच्या सीडी६३ वर बनवलेली असेल तर म्हशीला लागेलच असं नाही. शिवाय सीडी६३, सीडी९ च्या बऱ्याच अँटिबॉडींना सॅम्पलमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल (प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडणारी रसायनं) चालत नाही, त्यांच्याशिवाय म्हणजे नॉन-रिड्यूसिंग चालवावं लागतं. टीएसजी१०१ (व्हेसिकलचंच आणखी एक खुणेचं प्रोटीन) पण लावा, ते प्राण्याप्राण्यांत फारसं बदलत नाही.

आणि एक, थिसिसमध्ये सरसकट एक्सोसोम लिहू नका. पेशीच्या आतनं एंडोसोममधून (पेशीतल्या एका कप्प्यातून) आलेत हे दाखवता येत नसेल तर एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल (ईव्ही) किंवा स्मॉल ईव्ही म्हणा, २०२४ ला छापून आलेल्या मायसेव्ह या ईव्ही-अभ्यासाच्या गाइडलाइनमध्येही तसंच सांगितलंय.

रोटर_सांभाळणारा
मी १२ वर्षं इन्स्ट्रुमेंट रूम बघतोय, पोरं कुठे अडतात ते रोज बघतो म्हणून सांगतो. ऑर्गनायझरना तीन गोष्टी विचारा. एका बेंचला किती जण, स्वतःचं सॅम्पल आणू देतात का, आणि अल्ट्राच्या ट्यूब आपण भरायच्या की तयार मिळणार. चारपेक्षा जास्त जण एका बेंचला असतील तर माझ्या मते जाऊ नका.

ट्यूब भरणं यासाठी म्हणतोय की खरं काम तिथंच शिकायला मिळतं. पातळ भिंतीची ट्यूब अर्धवट भरली तर आत चेपते, समोरासमोरच्या ट्यूब नजरेनं नाही तर काट्यावर तोलून घ्यायच्या. चांगल्या प्रेपची पेलेट पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून फिक्स्ड अँगल रोटरला ट्यूब ठेवतानाच बाहेरच्या अंगाला तळाशी मार्करनं गोल करायचा, पेलेट तिथंच बसणार. स्पिन संपला की ती बाजू वर ठेवून सुपरनेटंट (वरचं द्रव) ओतायचा, उलटी धरूनच टिशूवर टेकवायची आणि मग त्या गोलावर ५० मायक्रोलिटर पीबीएस सोडून हळूहळू धुवायचं, टोक घासायचं नाही आणि फेस करायचा नाही. हे कुणी शेजारी उभं राहून हाताला धरून दाखवलं की एका दिवसात येतं, पेपर वाचून सहा महिने जातात.

आरपीएम कॉपी करू नका. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३०,००० आरपीएमला १ लाख जी होतात, ८ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच आरपीएमला ८० हजारच. रोटर बदलला की हिशेब परत.

सेपरोज_सीएल२बी
वरच्या दोघांशी सहमत, फक्त अल्ट्रासाठी आठवडाभर थांबायचं कारण नाही. साइझ एक्सक्लूजन कॉलम (मापानुसार कण वेगळे करणारी नळी) शिकून या, सेपरोज (जेलचे मणी) आणून स्वतः भरता येतो. अर्धा अर्धा एमएलचे फ्रॅक्शन गोळा करायचे, मोठ्या व्हेसिकल आधी उतरतात, सुटं प्रोटीन मागनं येतं. पण केसीनचा मायसेल सायट्रेटनं फोडल्याशिवाय कॉलमला लावलात तर तो व्हेसिकलबरोबरच उतरेल.

ट्रेनिंगमध्ये एनटीएवर बसाल तेव्हा आधी नुसतं पीबीएस चालवायला सांगा आणि ब्लँकचा काउंट लिहून घ्या. मग १०० नॅनोमीटरचे बीड (ठराविक मापाचे मणी). कॅमेरा लेव्हल आणि थ्रेशोल्ड एकदा ठरवले की सगळ्या सॅम्पलना तेच, मध्येच बदललं तर तुलना संपली. एका फ्रेममध्ये २० ते १०० ठिपके दिसतील इतकं पातळ करायचं. आमच्याकडे एका मुलीचा वर्षाचा डेटा गेला कारण पीबीएसची बाटलीच गाळलेली नव्हती, मला अजून वाईट वाटतं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा सायट्रेट घालून बघितलं. बर्फावर ठेवलेली ट्यूब, दूध बघता बघता पांढऱ्याचं पिवळसर झालं, पलीकडची बोटं दिसायला लागली. स्पिननंतर मार्करच्या गोलात पांढरं काही नाही, फक्त पुसटसा तपकिरी डाग. एनटीएची तारीख सोमवारची आहे, ब्लँकसकट देणार. सरांना दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून दाखवल्या, ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले जुने आकडे बाजूला ठेव.

ऑर्गनायझरना मेल केला होता. बेंचला तीन जण आणि स्वतःचं सॅम्पल चालेल म्हणालेत. आता प्रश्न एवढाच, दूध सायट्रेट घालून बर्फात घेऊन जाऊ की इथंच साय काढून उणे ८० ला गोठवून ड्राय आइसमध्ये नेऊ?

दूधवाला_पोस्टडॉक
साय इथंच काढा, १०,००० चा स्पिनही इथंच, मगच गोठवा. सायीसकट गोठवलं तर फॅट ग्लोब्यूल फुटतात आणि त्यांच्या मेम्ब्रेनचे तुकडे व्हेसिकलसारखेच दिसतात. छोटे छोटे अलिकॉट करा म्हणजे परत परत वितळवावं लागणार नाही, आणि एक भाग न गोठवलेला बर्फात न्या. तिथं दोन्ही शेजारी चालवून बघा.